एफ ० दाबल्यावर नेमका कुठला दिवा पेटतो: डीसीसी इंजिनाचे लाइट लावताना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला वाटतं त्यात तीन वेगळे प्रॉब्लेम एकमेकांत गुंतलेत, म्हणून आधी ते सुटे करतो. तुमच्या मॉडेल रेल्वेच्या डीसीसीवर (रुळांतूनच डिजिटल आज्ञा पाठवून इंजिन चालवायची पद्धत) चालणाऱ्या डिझेल इंजिनाला दोन्ही टोकांना पांढरा हेडलाइट आणि लाल टेललाइट आहे, चार फंक्शन आउटपुटवाला डीकोडर (त्या आज्ञा ऐकून मोटर आणि दिवे चालवणारं इंजिनातलं सर्किट) तुम्ही स्वतः बसवलाय. पांढरे दिवे एफ ० वर (एफ म्हणजे रिमोटवरचं फंक्शन बटण) दिशेप्रमाणे बदलतात, पण पुढच्या टोकाचा लाल एफ १ वर आणि मागच्या टोकाचा एफ २ वर आलाय, आणि इंजिन कुठेही जात असो, बटण दाबलं की ते पेटतात. तुम्हाला हवंय असं की इंजिन एकटं पळताना मागच्या बाजूचा लाल आपोआप लागावा, डबे जोडले की लाल बंद ठेवता यावेत, आणि शंटिंगला (यार्डात डबे हलवताना) दोन्ही टोकांना पांढरे लागावेत. त्यात वेग वाढवला की हेडलाइट लुकलुकतोय, आणि सीव्ही (डीकोडरमधली नंबर दिलेली सेटिंग) वाचायला गेलं की एरर येतोय.

डीकोडर कुठल्या कंपनीचा आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, आणि लाल दिव्यांचं उत्तर बरंचसं त्यावरच ठरतं. पण लुकलुकणं आणि एरर या दोन गोष्टी सगळ्या डीकोडरना सारख्याच लागू आहेत, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. शिवाय लुकलुकणं थांबल्याशिवाय मॅपिंगला (कुठल्या बटणाने कुठला दिवा लागायचा त्या जुळणीला) हात लावू नका, नाहीतर काय कशामुळे होतंय तेच कळणार नाही.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, की इंजिन उलटं पळत होतं म्हणून सीव्ही २९ मध्ये १ टाकला. माझ्या मते सगळं तिथेच बिघडलंय. सीव्ही २९ हा एकच आकडा दिसतो पण आत आठ बिट आहेत आणि प्रत्येक बिटचं काम वेगळं आहे: बिट ० म्हणजे दिशा, त्याची किंमत १; बिट १ म्हणजे १४ स्पीड स्टेप (वेगाच्या पायऱ्या) की २८, किंमत २; बिट २ अॅनालॉगवर (डीसीसी नसलेल्या साध्या रुळावर) चालायचं की नाही, किंमत ४; बिट ३ रेलकॉम (डीकोडरने उलट माहिती पाठवायची सोय), किंमत ८; बिट ४ स्पीड टेबल, १६; बिट ५ लांब अॅड्रेस (इंजिनाचा मोठा नंबर), ३२. नवीन डीकोडरमध्ये बहुतेक वेळा ६ असतो, म्हणजे २ अधिक ४ (रेलकॉम चालू असेल तर १४). आता दिशा उलटी करायची तर त्या ६ मध्ये १ मिळवून ७ लिहायला हवा होता. तुम्ही नुसता १ लिहिलात, त्यामुळे दिशा बदलली खरी पण २ ची किंमत निघून गेली आणि डीकोडर १४ स्टेपवर गेला.

आणि १४ स्टेपवर गेलेला डीकोडर हेडलाइट का लुकलुकवतो ते समजून घ्या, म्हणजे पुढे कधी असं दिसलं की लगेच ओळखाल. जुन्या १४ स्टेपच्या पद्धतीत वेगाच्या पॅकेटमधलाच (रुळातून जाणाऱ्या आज्ञेतलाच) एक बिट एफ ० चा दिवा चालू-बंद करायला वापरायचे. २८ स्टेप आल्या तेव्हा तोच बिट वेगाची मधली पायरी सांगायला वापरला आणि दिव्याची कमांड वेगळ्या पॅकेटमध्ये गेली. तुमचं कमांड स्टेशन (रुळात आज्ञा पाठवणारं यंत्र) २८ ने बोलतंय, डीकोडर १४ ने ऐकतोय, म्हणून एक पायरी वाढली की दिवा लागतो, पुढची वाढली की विझतो, आणि एफ ० दाबून काहीच होत नाही. उलटं असेल, म्हणजे स्टेशन १४ वर आणि डीकोडर २८ वर, तर दिवा लागतच नाही. नॉब एकेक क्लिक हळू फिरवून बघा, दिवा बरोब्बर एकाआड एक क्लिकला पेटत असेल तर शंका घ्यायचं कारणच नाही. सीव्ही २९ मध्ये ७ लिहा (आधीचा आकडा १४ असेल तर १५) आणि परत बघा. तुमचा अॅड्रेस लहान आहे म्हणून तरी बरं, लांब अॅड्रेस असता तर ३२ ची किंमतही गेली असती आणि इंजिन त्या नंबरला उत्तरच दिलं नसतं, मग लोक डीकोडर जळला समजून तो काढून टाकतात.

दिशेचंच निघालंय तर एक फरक लक्षात ठेवा. बिट ० बदलला की मोटर आणि हेडलाइट दोन्ही एकदम उलटतात. त्यामुळे इंजिन आणि दिवे दोन्ही उलटे असतील तरच हा उपाय. फक्त मोटर उलटी आणि दिवे बरोबर असतील तर मोटरच्या नारिंगी आणि राखाडी वायरची अदलाबदल करा. मोटर बरोबर आणि फक्त दिवे उलटे असतील तर पांढरी-पिवळी वायर बदला किंवा सीव्ही ३३ आणि ३४ चे आकडे एकमेकांत बदला.

आता वाचतानाचा एरर. प्रोग्रामिंग ट्रॅकवर (सेटिंगसाठी वेगळा ठेवलेला रूळ) डीकोडर काही बोलत नाही, तो फक्त मोटरला क्षणभर करंट देतो, साधारण ६ मिलिसेकंद, निदान ६० मिलिअँपिअर, आणि कमांड स्टेशन तो झटका ओळखून 'हो' असं समजतं. इंजिनाकडे जवळून बघा, वाचताना ते रुळावर बारीक बारीक थरथरतं, ती हीच थरथर. चाकं मळकी असतील, एखादी पिकअपची (चाकातून वीज घेणारी) पत्ती चाकाला टेकत नसेल, किंवा मोटर अजून जोडलेलीच नसेल आणि फक्त एलईडी लावून टेबलावर टेस्ट चालली असेल, तर तेवढा करंट ओढलाच जात नाही आणि एरर येतो. स्टे अलाइव्हचा (रुळातली वीज क्षणभर तुटली तर इंजिन चालू ठेवणारा) कपॅसिटर बसवलेला असेल तर तोही या झटक्यात ढवळाढवळ करतो. मी तर हल्ली सगळं प्रोग्रामिंग होईपर्यंत कपॅसिटर सोल्डरच करत नाही. आणि लिहिताना एरर आला म्हणजे लिहिलं गेलं नाही असं समजू नका, पुष्कळदा लिहिलं गेलेलं असतं, फक्त पोच आलेली नसते.

लाइटच्या कामासाठी मात्र मी मेन ट्रॅकवरचं (गाड्या धावतात त्या रुळावरचं) प्रोग्रामिंगच वापरतो, कारण आकडा बदलला की समोर दिवा बदलताना दिसतो. कधी बटण एकदा बंद करून परत चालू करावं लागतं एवढंच. मेनवर आकडा त्या अॅड्रेसच्या इंजिनालाच जातो, प्रोग्रामिंग ट्रॅकवर मात्र जे जे उभं असेल त्या सगळ्यांना जातो, तेव्हा तिथे एकच इंजिन ठेवा.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या डोक्यात, आणि सुरुवातीला माझ्याही डोक्यात होतं तसं, एफ १ म्हणजे हिरवी वायर आणि एफ २ म्हणजे जांभळी वायर असं पक्कं बसलंय. तसं नसतं. बटण वेगळं, वायर वेगळी, आणि दोघांच्या मधे एक तक्ता आहे जो सांगतो की हे बटण दाबलं की या या वायरी चालू करा. सीव्ही ३३ ते ४६ म्हणजे तोच तक्ता. ३३ म्हणजे पुढे जाताना एफ ०, ३४ म्हणजे मागे जाताना एफ ०, ३५ म्हणजे एफ १, ३६ म्हणजे एफ २, असं करत ४६ म्हणजे एफ १२. आणि वायरींच्या किमती अशा: पांढरी वायर म्हणजे आउटपुट १, किंमत १. पिवळी म्हणजे आउटपुट २, किंमत २. हिरवी ३, किंमत ४. जांभळी ४, किंमत ८. निळी वायर सगळ्यांची कॉमन पॉझिटिव्ह, तिला किंमत नाही.

म्हणून आधी कागद घ्या, इंजिनाचं वरून दिसणारं साधं चित्र काढा, कुठलं टोक पुढचं ते बाणाने दाखवा. मग कारखान्याच्या मॅपिंगवरच एफ ० दोन्ही दिशांना, मग एफ १, मग एफ २ दाबत जा आणि कुठला दिवा पेटला ते चित्रात लिहा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि लोक नेमकं हेच टाळतात नि मग तासन् तास आकडे बदलत बसतात. एकदा एका मित्राचं इंजिन माझ्याकडे आलं, त्यांनी तीन वेळा डीकोडर रीसेट केला होता, इंजिन झकास चालत होतं पण एकही दिवा लागत नव्हता. बॉडी उचलली तर आठ पिनांचा प्लग उलटा बसलेला. त्या प्लगमधे पिनांची मांडणी अशी आहे की उलटा लावला तर लाल-काळी एकमेकांच्या जागी, नारिंगी-राखाडी एकमेकांच्या जागी जातात, त्यामुळे इंजिन चालतं, पण निळी वायर हिरवीच्या जागी गेल्याने दिव्यांना पॉझिटिव्हच मिळत नाही. सॉकेटच्या १ नंबर पिनापाशी नारिंगी वायर यायला हवी, प्लग फिरवून लावला आणि सगळे दिवे लागले. असा दोष कुठल्याही सीव्हीने दुरुस्त होत नाही, म्हणून आधी कागद.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुमचा कागद असा निघेल: आउटपुट १ पुढचा पांढरा, २ मागचा पांढरा, ३ पुढच्या टोकाचा लाल, ४ मागच्या टोकाचा लाल. आता पुढे जाताना पुढचा पांढरा आणि मागचा लाल हवा, म्हणजे १ अधिक ८, सीव्ही ३३ मध्ये ९. मागे जाताना मागचा पांढरा आणि पुढचा लाल, म्हणजे २ अधिक ४, सीव्ही ३४ मध्ये ६. सीव्ही ३५ आणि ३६ मध्ये ० टाका म्हणजे एफ १, एफ २ मधे लुडबुड करणार नाहीत. एवढं केलंत की एकटं इंजिन धावताना सगळं बरोबर दिसेल, आणि हा साधा तक्ता असलेल्या जवळजवळ कुठल्याही डीकोडरवर हे चालतं (ईएसयूचं वेगळं आहे, ते पुढे सांगतो).

खरी अडचण पुढे आहे, डबे जोडल्यावर लाल बंद करायचा ती. हा तक्ता फक्त बेरीज करतो, वजाबाकी करत नाही. दोन बटणं एकाच वायरला लावली तर दोघांपैकी एक जरी चालू असलं तरी दिवा पेटणार. 'एफ १ दाबलं की लाल विझव' असं या तक्त्यात सांगायची सोयच नाही. बरं, लाल दिवे एफ ० मधून काढून वेगळ्या बटणावर न्यावेत म्हटलं तर दिशेचे दोन वेगळे सीव्ही फक्त एफ ० ला आहेत, एफ १ ला एकच. म्हणजे साध्या मॅपिंगमधे एकतर लाल दिशेप्रमाणे आपोआप बदलणार, नाहीतर वेगळ्या बटणावर असणार, दोन्ही एकत्र मिळत नाही. तुम्ही आकडे चुकीचे टाकताय म्हणून होत नाहीये असं नाही, ती त्या तक्त्याचीच मर्यादा आहे.

यातून बाहेर पडायचा रस्ता प्रत्येक कंपनीने आपापला काढलाय. झिमोमधे मला सगळ्यात सोपा वाटतो तो असा: तिथे प्रत्येक आउटपुटला एक इफेक्टचा सीव्ही आहे, १२५ पुढच्या हेडलाइटला, १२६ मागच्याला, १२७ आउटपुट ३ ला, १२८ आउटपुट ४ ला, आणि त्याचे शेवटचे दोन बिट दिशा सांगतात, १ म्हणजे फक्त पुढे जाताना, २ म्हणजे फक्त मागे येताना. तर सीव्ही ३३ परत १, ३४ परत २, म्हणजे एफ ० वर फक्त पांढरे. सीव्ही ३५ मध्ये ४ अधिक ८ म्हणजे १२, दोन्ही लाल एफ १ वर. मग सीव्ही १२७ मध्ये २, कारण पुढच्या टोकाचा लाल फक्त मागे येताना लागायला हवा, आणि सीव्ही १२८ मध्ये १. झालं, एफ १ चालू असलं की लाल दिशेप्रमाणे बदलतो, डबे जोडले की एफ १ बंद करा. यात दिशा बटणाकडे नसून आउटपुटकडे गेली, म्हणून जमलं.

ईएसयू कंपनीच्या लोकपायलट, लोकसाउंड या डीकोडरमधे पद्धत वेगळी. तिथे एकेक ओळ असते, डावीकडे अटी आणि उजवीकडे आउटपुट. 'पुढे जातंय, एफ ० चालू, आणि एफ १ बंद' अशी पूर्ण अट लिहिता येते, म्हणजे तिथे 'एफ १ दाबलं की लाल विझतो' हेही होतं, वजाबाकी खरंच करता येते. पण या ओळी सीव्ही २५७ च्या पुढच्या पानांवर असतात, कुठलं पान ते सीव्ही ३१ आणि ३२ ठरवतात, आणि ते दोन आधी सेट न करता थेट आकडे लिहिलेत तर भलत्याच पानावर लिहिलं जातं. हे हातानं करू नका, मी स्पष्टच सांगतो. लोकप्रोग्रामर (ईएसयूचं स्वतःचं प्रोग्रामिंगचं यंत्र) असेल तर उत्तम, नाहीतर जेएमआरआयचं डीकोडर-प्रो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं, त्यात फंक्शन मॅपचा टॅब उघडला की चौकटींवर टिक करायचं असतं आणि पानांचा हिशोब ते स्वतः करतं. आणि इंजिनाची फाइल सेव्ह राहते, उद्या रीसेट करावं लागलं तर परत सगळं एका झटक्यात लिहिता येतं.

झिमोमध्येही अशी अटींची पद्धत आहे, सीव्ही ४३० पासून, तिला स्विस मॅपिंग म्हणतात. स्वित्झर्लंडच्या इंजिनांना पुढे तीन पांढरे आणि मागे कधी एकच पांढरा, कधी लाल, अशा इतक्या तऱ्हा आहेत की साधा तक्ता पुरलाच नाही, म्हणून ते नाव. तुमच्या कामाला तेवढं लागणार नाही.

आणि डीकोडर स्वस्तातला, फक्त साध्या तक्त्याचा निघाला तर? तर मी ९ आणि ६ ठेवतो, आणि दोन्ही लाल एलईडींना जाणारी निळी वायर एका छोट्या स्लाइड स्विचमधून नेतो, स्विच इंजिनाच्या पोटाखाली. डबे जोडताना नखाने सरकवायचा. रिमोटवरून होत नाही हे खरं, पण दिशा आपोआप बदलते आणि कधी चुकत नाही.

शंटिंगसाठी एफ २ घ्या, सीव्ही ३६ मध्ये १ अधिक २ म्हणजे ३, दोन्ही पांढरे. आधी टाकलेला ० इथे बदलतोय हे लक्षात ठेवा, आणि झिमोच्या सेटिंगमधे एफ १ बंद ठेवा, नाहीतर एका टोकाला पांढरा आणि लाल दोन्ही पेटतील. साध्या तक्त्यावर ९ आणि ६ ठेवले असतील तर तिथे एफ ० बंद करून फक्त एफ २ दाबायचं, म्हणजे लाल येत नाहीत. मी मुद्दाम एफ २ म्हणतोय, एफ ३ नाही, कारण सीव्ही ३७ पासून किमती सरकतात. तिथे १ म्हणजे आउटपुट ४, २ म्हणजे आउटपुट ५, म्हणजे एफ ३ वरून आउटपुट १ आणि २ ला हात लावताच येत नाही. कित्येक जण सीव्ही ३७ मध्ये ३ लिहून हेडलाइटची वाट बघत बसतात. झिमोत सीव्ही ६१ मध्ये ९७ लिहिलं की हे सरकणं जातं, पण तुम्हाला एफ १ आणि एफ २ पुरतायत तर त्यात पडू नका.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीये पण सगळं झाल्यावर नक्की विचाराल. खोली अंधारी करून बघाल तेव्हा पांढरा दिवा लागल्यावर शेजारची लाल काच पण हलकी उजळलेली दिसेल, आणि वाटेल मॅपिंग परत चुकलं. आधी लाल एलईडीची एक वायर सोडवून बघा. तरीही काच उजळत असेल तर तो पांढऱ्या एलईडीचा उजेड आतून पाझरतोय. मी दोन एलईडींच्या मधे काळ्या रंगाचे दोन हात देतो, बॉडीच्या आतूनही देतो, कारण प्लास्टिक पातळ असलं की छतातूनसुद्धा उजेड दिसतो. फॉइल लावू नका, सर्किटला टेकली तर शॉर्ट होईल.

आणि एलईडी तुम्ही स्वतः लावले असतील तर रेझिस्टर तपासा. रुळावर १५ व्होल्ट धरले तर डीकोडरमधे सुमारे १.४ जातात, लाल एलईडी २ घेतो, उरले ११.६, म्हणजे १ किलोओहमवर साडेअकरा मिलिअँपिअर. टेललाइटसाठी हे फार भगभगीत होतं, मी लालला ४.७ ते १० किलोओहमच्या मधे ठेवतो. बाकीचं बारीक जुळवणं सीव्हीतून करा, झिमोत सीव्ही ६० सगळ्या आउटपुटना मिळून मंद करतो, १७० म्हणजे दोन तृतीयांश, ईएसयूत प्रत्येक आउटपुटला ० ते ३१ ची वेगळी ब्राइटनेस असते. पण सीव्हीने मंद केलंय म्हणून रेझिस्टर वगळायचा असं कधीही करू नका. मंद करणं म्हणजे पूर्ण व्होल्टेज भराभर चालू-बंद करणं, एलईडीला प्रत्येक वेळी पूर्ण झटकाच बसतो आणि रेझिस्टर नसेल तर तो मरतो.

तर आधी सीव्ही २९ मध्ये ७, मग चाकं पुसून वाचून बघा, मग कागद, आणि त्यानंतर ९ आणि ६. वाचता यायला लागलं की सगळ्यात आधी सीव्ही ८ वाचा, फक्त वाचा, त्यात ८ लिहू नका, बऱ्याच डीकोडरवर त्याने सगळं रीसेट होतं. तिथे १४५ आलं तर झिमो, १५१ आलं तर ईएसयू. दुसरं काही आलं तर तो आकडा आणि मॅन्युअलमधलं फंक्शन मॅपिंगचं पान पाठवा, लाल दिव्यांचे नेमके आकडे काढून देतो.